गुडघ्याजवळच्या जायंट सेल ट्यूमरला खरवडायचं, कापायचं की इंजेक्शन द्यायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते तुम्हाला कळेल आणि दुसऱ्या कोणाच्या घरात हेच चालू असेल तर त्यांनाही उपयोग होईल. तुमची बहीण २६ वर्षांची, सासर अमळनेर तालुक्यात, दोन वर्षांचा मुलगा आहे. पाच महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या जरा वर दुखतंय, कापूस वेचताना पाय मुरगळला तेव्हापासून असं ती सांगते. आधी गावात चोळून घेतलं, मग एक्सरे, मग एमआरआय, मग सुई टाकून तुकडा काढला (बायोप्सी) आणि रिपोर्टमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा जायंट सेल ट्यूमर आला. आता एक डॉक्टर म्हणतात खरवडून सिमेंट भरू, दुसरे म्हणतात तेवढं हाड कापून लोखंडी सांधा बसवू, तिसरे म्हणतात आधी सहा महिने इंजेक्शन द्या मग बघू. आणि तुम्ही विचारताय की हा कॅन्सर आहे का, ऐकायचं कोणाचं, आणि पोरगी परत खाली बसू शकेल का.

मी जळगावला हाडांचा डॉक्टर आहे, बावीस वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं मुंबईत हाडांच्या गाठींच्याच विभागात काम केलं त्यामुळे चोपडा, रावेर, साक्री, नवापूर, इकडून तिकडून असे पेशंट माझ्याकडे येत राहतात. त्यातल्या काहींचं ऑपरेशन मी करतो, काहींना सरळ पुढे पाठवतो. जे सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमच्या बहिणीच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" अशाच सांगाव्या लागतील, त्याला इलाज नाही.

पहिली गोष्ट, तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या म्हणून त्यातले दोन चुकीचे आहेत असं लगेच धरू नका. या आजारात खरा पेच एकच आहे. गाठ जितकी मोठ्या हातानं काढाल तितकी ती परत यायची शक्यता कमी, पण तितकाच सांधा हातचा जातो. सांधा जपायला गेलात तर गाठीचा अंश मागे राहायचा धोका वाढतो. पहिल्या डॉक्टरांचं लक्ष सांध्यावर आहे, दुसऱ्यांचं गाठ परत येण्यावर आणि तिसऱ्यांना बहुतेक ऑपरेशन सोपं करून घ्यायचंय. तेव्हा त्यांच्यापैकी हुशार कोण हे ठरवत बसू नका. तुमच्या बहिणीच्या हाडात आत्ता नेमकं किती शिल्लक आहे, हे आधी नीट कळू द्या.

आता कॅन्सरचं. सरळ उत्तर, ज्या अर्थानं आपण घरात कॅन्सर हा शब्द वापरतो त्या अर्थानं नाही. ही गाठ साधी मानली जाते पण जागेवर फार आडदांड असते, हाड खात जाते, सांध्याच्या कुर्च्यापर्यंत (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणापर्यंत) पोचते, आणि अर्धवट काढली तर परत येते. शंभरातल्या दोन-चार पेशंटना, काही ठिकाणच्या आकड्यांत थोडं जास्त, फुप्फुसात छोट्या गाठी दिसतात. पण त्याही बऱ्याचदा सावकाश वाढतात, काही नुसत्या तशाच पडून राहतात, आणि त्या दिसल्या म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नसतं. खरा कॅन्सर होणं फार थोड्या जणांत घडतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधीतरी त्या जागी रेडिएशन दिलेलं असतं. म्हणून छातीचा सीटी स्कॅन एकदा सुरुवातीलाच करून घ्या. घाबरण्यासाठी नाही, पुढे कधी काही दिसलं तर ते नवीन की जुनं हे कळायला पहिला फोटो हातात हवा.

नाव ऐकून लोक घाबरतात म्हणून हेही सांगतो. जायंट सेल म्हणजे मोठ्या मोठ्या पेशी, एकेकीत कितीतरी केंद्रं असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच डोळ्यात भरतात. पण खरा गुन्हेगार त्या नाहीत. आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम असतो ना, तो स्वतः कोयता धरत नाही, तो टोळी बोलावतो. तसंच इथं. या गाठीत मध्ये मध्ये साध्या दिसणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या एका जीनमध्ये बिघाड झालेला असतो, आणि त्या रँकल नावाचं प्रथिन सोडून हाड खाणाऱ्या पेशींना बोलावत राहतात. मोठ्या पेशी म्हणजे ती टोळी. हाड टोळी खाते पण काम लावणारा मुकादम वेगळाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, इंजेक्शनचा विषय निघेल तेव्हा कामाला येईल.

हा आजार कोणाला होतो? बहुतेक वीस ते चाळीस या वयात, हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर. बायकांमध्ये किंचित जास्त. निम्म्याच्या आसपास गाठी गुडघ्याभोवतीच, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक नाहीतर नडगीचं वरचं टोक, त्यानंतर मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड, मग माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग, खांदा वगैरे. आपल्याकडे आणि चीनमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा याचं प्रमाण जास्त दिसतं. आणि हे वय म्हणजे काय, तर नेमकं घर चालवणारं वय. माझ्याकडे येणारे पेशंट आठवून बघतो तर केळीचे घड वाहणारा यावलचा पोरगा, भाकरी थापताना मनगट दुखतं म्हणणारी बाई, डीएडची परीक्षा दिलेली मुलगी, पिकअप चालवणारा. सगळे धडधाकट, बीपी नाही, शुगर नाही. "मना पाय दुखस डाक्टर, बाकी काई नई," एवढंच सांगतात. त्यामुळेच उशीर होतो. रात्री दुखणं, गुडघा पूर्ण न वाकणं, हळूहळू सूज, याला कोणी मुरगळा म्हणतं कोणी वात म्हणतं.

मुरगळल्यामुळे गाठ झाली असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. गाठ आधीपासून होती, हाड आतून पोखरलेलं होतं, मुरगळल्यावर तिकडे लक्ष गेलं इतकंच. कापसाच्या शेतात पाठवलं म्हणून झालं, असा दोष सासरच्यांनाही देऊ नका आणि तिलाही देऊ देऊ नका. पण चोळणं मात्र आता पूर्ण बंद. पोखरलेल्या हाडावर जोर दिला तर हाड मोडतं, आणि मोडलं की गाठीचं रक्त आजूबाजूच्या मांसात पसरतं, सगळंच अवघड होऊन बसतं.

निदान पक्कं आहे का हे एकदा तपासून घ्या, रिपोर्ट आलाय तरीसुद्धा. कारण जायंट सेल दिसणारे आजार एकापेक्षा जास्त आहेत. काही वर्षांपूर्वी एक पस्तिशीची बाई आली, नडगीत गाठ, बायोप्सीत भरपूर जायंट सेल, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. बोलता बोलता कळलं की तिला दोनदा मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय आणि जबड्यालाही एक फुगवटा आहे. कॅल्शियम तपासलं तर खूप वाढलेलं, पॅराथायरॉइड हार्मोन त्याहून वाढलेलं. म्हणजे तिच्या गळ्यातल्या छोट्या ग्रंथीत बिघाड होता आणि हाडातली ती गाठ त्याचा नुसता परिणाम होता. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि नडगीचं हाड वर्षभरात आपोआप भरत आलं, तिच्या पायाला सुरी लागली नाही. तेव्हापासून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पीटीएच, म्हणजे तेच पॅराथायरॉइड हार्मोन, या तपासण्या झाल्याशिवाय मी एकाही जायंट सेल ट्यूमरला हात लावत नाही. चार रक्ताच्या तपासण्या आहेत, जळगाव धुळ्याला सगळीकडे होतात, बहिणीच्या झाल्या नसतील तर या आठवड्यात करा.

दुसरा घोळ हाडाच्या टीबीचा. आपल्याकडे टीबी आहे त्यामुळे हाडात काळं दिसलं की टीबीची औषधं सुरू, असं अजूनही होतं. एका पोराला तुकडा न तपासताच सात महिने ती औषधं चालू होती, तोवर मनगटाचं हाड अंड्याच्या टरफलासारखं फुगलं. वेळेत आला असता तर खरवडून भागलं असतं, शेवटी हाड काढावं लागलं. तिसरी काळजी अशी की एक प्रकारचा ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे खराखुरा हाडाचा कॅन्सर, एक्सरेवर आणि कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीही असाच भासतो. म्हणून बायोप्सीच्या स्लाइड हाडांच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला परत दाखवाव्यात असं माझं ठाम मत आहे. शंका असेल तर त्या जीनमधला बिघाड ओळखणारी खास तपासणीही आता करता येते.

आता एक्सरे. इटलीत बोलोन्याला कँपानाची नावाचे सर्जन होऊन गेले, त्यांनी १९८७ साली या गाठींचे तीन ग्रेड मांडले, आम्ही अजून तेच वापरतो. पहिल्या ग्रेडमध्ये गाठ हाडाच्या आत गुपचूप, कडा शाबूत. दुसऱ्यात हाडाची भिंत पातळ होऊन फुगलेली, पण भिंत आहे. तिसऱ्यात भिंत फोडून गाठ बाहेर मांसात आलेली. तुम्ही लिहिलंय की रिपोर्टमध्ये ग्रेड दोन आहे, गाठ साधारण सहा सेंटीमीटरची आहे, हाड मोडलेलं नाही. हे खरं असेल तर ही चांगली बातमी आहे भाऊ, कारण याचा अर्थ भिंती उभ्या आहेत आणि घर दुरुस्त होण्यासारखं आहे. फक्त एक माहिती तुम्ही दिली नाहीत आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, गाठ आणि सांध्याचा कुर्चा यांच्यामध्ये हाडाचा किती थर उरलाय. एमआरआयवर ते मोजता येतं. एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बेत जरा बदलावा लागतो, तो खाली सांगतो.

खरवडणं या शब्दानं लोकांचा गैरसमज होतो. चमच्यानं खरवडलं की झालं असं वाटतं. जुन्या काळी तसंच व्हायचं आणि शंभरातल्या पंचवीसपासून ते अगदी पन्नास जणांपर्यंत गाठ परत यायची. आता जे करतो ते वेगळं आहे. पहिलं म्हणजे हाडाला खिडकी मोठी पाडायची, गाठीच्या लांबीएवढी, कारण छोट्या भोकातून आत बघता येत नाही आणि जे दिसत नाही ते मागे राहतं. नवशिक्या सर्जनचा हात इथेच कचरतो, चांगलं हाड कशाला काढू म्हणून खिडकी लहान ठेवतो, आणि कोपऱ्यात अंश राहून जातो. दुसरं, चमच्यानं गाठ काढून झाली की वेगात फिरणाऱ्या बर मशीननं आतल्या भिंती सगळीकडून घासायच्या, कारण गाठ हाडाच्या बारीक कप्प्यांत शिरलेली असते. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या घासण्यानं पडतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मग फिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, कुठे द्रवरूप नायट्रोजन, कुठे विजेनं जाळणं, ज्याचा जसा हात बसलाय तसं, उरलेल्या पेशी मारायला. आणि शेवटी पोकळी हाडाच्या सिमेंटनं भरायची, गरज पडेल तशी प्लेट लावायची. असं नीट केलं तर परत येण्याचं प्रमाण शंभरात दहा ते वीसच्या घरात येतं.

सिमेंट का, हाड का नाही, असंही तुम्ही विचारलंय. हाड भरलं तर ते शरीराचंच होऊन जातं ही त्याची चांगली बाजू. पण सिमेंटचे फायदे या आजारात फार आहेत. ते घट्ट होताना गरम होतं, त्या उष्णतेनं कडेच्या उरल्यासुरल्या पेशी मरतात. लगेच भार घेतं, म्हणजे बाई काही दिवसांत आधार घेऊन चालायला लागते. आणि तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो, गाठ परत आली तर पांढऱ्या सिमेंटच्या कडेला काळा पट्टा चटकन दिसतो. हाड भरलेलं असलं की ते विरघळतंय का गाठ येतेय यातच महिने जातात. पण कुर्च्याला थेट सिमेंट चिकटवलं तर पुढे सांधा झिजायची भीती असते. म्हणून मी मगाशी म्हटलं ते, थर एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर कुर्च्याखाली आधी कमरेच्या हाडातून काढलेलं हाड अंथरायचं आणि त्याच्यावर सिमेंट. याला आम्ही सँडविच पद्धत म्हणतो. तुमच्या बहिणीच्या वयात मी तरी ती करायला मागेपुढे बघणार नाही.

मग हाड कापून सांधा कधी बदलायचा? भिंत फोडून गाठ खूप बाहेर आली असेल, सांध्यात शिरली असेल, हाड असं मोडलं असेल की जुळवायला काही उरलंच नाही, किंवा दोन-तीनदा खरवडूनही परत आली असेल तेव्हा. आणि जी हाडं काढली तरी माणसाचं फारसं अडत नाही, उदाहरणार्थ पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाचं वरचं टोक, तिथं सरळ काढून टाकणंच बरं. मनगटाचं प्रकरण वेगळं, तिथे जागा लहान आणि गाठ लवकर बाहेर येते, त्यामुळे बऱ्याचदा हाड काढून त्याच्या जागी पायाचं तेच बारीक हाड बसवतो किंवा मनगट एका स्थितीत पक्कं करून टाकतो. वाकत नाही पण दुखत नाही, आणि घट्ट पकड मिळते. मनगट पक्कं केलेल्या बायका नंतर भाकरी थापतात, मी बघितलंय.

गुडघ्याच्या मेगाप्रोस्थेसिसबद्दल, म्हणजे त्या लोखंडी सांध्याबद्दल, मात्र घाई करू नका. वाईट गोष्ट नाही, ज्याला गरज आहे त्याचा पाय त्यानंच वाचतो. पण २६ व्या वर्षी बसवलेला लोखंडी सांधा जन्मभर पुरत नाही, कधीतरी सैल होतो, झिजतो, परत ऑपरेशन लागतं, इन्फेक्शनचा धोका कायम. आणि आपल्या खेड्यातलं आयुष्य जमिनीवरचं आहे. चूल खाली, निंदणी उकिडवं बसून, पंगत खाली, कितीतरी घरी संडासही बसायचा. त्या सांध्यावर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं जवळजवळ बंद. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या पेशंटला हे चालून जातं, तुमच्या बहिणीचं अख्खं जगणं त्यानं बदलेल. म्हणून ग्रेड दोनमध्ये, हाड मोडलेलं नसताना, सांधा काढायला मी तरी तयार होणार नाही. खरवडल्यावर खाली बसता येईल का तर बहुतेकांना येतं, व्यायाम मन लावून केला तर. पण शब्द देऊन सांगत नाही, ते कुर्च्याखालच्या थरावर आणि नंतरच्या व्यायामावर अवलंबून आहे.

आता इंजेक्शन. डेनोसुमॅब. यावर जरा जास्त लिहितो कारण मोबाइलवर वाचून लोक हेच मागायला येतात. मुकादम आठवतोय ना? हे इंजेक्शन मुकादमाचा आवाज टोळीपर्यंत पोचू देत नाही. टोळी पांगते, हाड खाणं थांबतं, दुखणं काही आठवड्यांत उतरतं, एक्सरेवर कडेनं पांढरं नवीन हाड दिसायला लागतं, पेशंट खूश, आम्हीही खूश. पण मुकादम जिवंत आहे. तो त्या नवीन टणक हाडात लपून बसतो. इंजेक्शन थांबलं की परत हाका मारतो. अमेरिकेत २०१३ साली या आजारासाठी ते मंजूर झालं तेही मुख्यतः ज्या गाठी काढताच येत नाहीत किंवा काढल्या तर माणूस कायमचा अधू होईल अशांसाठी.

आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत खरी मेख अशी आहे की ज्यांना आधी हे इंजेक्शन देऊन मग खरवडलं त्यांच्यात गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. कारण समजायला सोपं आहे, मऊ गाठ आणि टणक हाड यातला फरकच हाताला कळेनासा होतो, कुठपर्यंत खरवडायचं ते उमगत नाही आणि पेशी त्या नव्या हाडाच्या कवचात राहून जातात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला खरवडण्याआधी बरेच डोस दिले होते, ऑपरेशनला रक्त कमी गेलं म्हणून समाधान वाटलं होतं, चौदा महिन्यांनी ती परत त्याच जागी दुखतंय म्हणून आली. ती गोष्ट मी विसरलेलो नाही. त्यानंतर जिथे खरवडणं आत्ताच शक्य आहे तिथे मी इंजेक्शन आधी देत नाही. जिथे हाड अख्खं काढायचंच आहे आणि गाठीला नवीन कवच आलं तर ती एकसंध बाहेर निघेल, किंवा गाठ त्रिकास्थीत, मणक्यात आहे, तिथे मात्र हे इंजेक्शन म्हणजे खरोखर मोठा आधार आहे. त्रिकास्थीच्या गाठींना रक्तवाहिनीतून रक्तपुरवठा बंद करायचा उपायही करतात, काहींना त्यावरच बरं राहतं. रेडिएशन अगदी शेवटी, तरुण माणसाला शक्यतो नाहीच, कारण वर सांगितलंच.

इंजेक्शन कधी घ्यावंच लागलं तर तीन गोष्टी. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना सहा महिन्यांनी ६० मिलीग्रॅमचं जे देतात ते हे नव्हे, इथे डोस १२० मिलीग्रॅमचा, दर चार आठवड्यांनी, आणि पहिल्या महिन्यात आठव्या व पंधराव्या दिवशी दोन जास्तीचे. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. दुसरं, दात. याच्यानं जबड्याचं हाड सडायचा धोका असतो, थोडाच पण लांबलेल्या उपचारात वाढणारा, आणि आपल्याकडे बायका मिश्री लावतात, किडलेले दात तसेच ठेवतात. आधी डेंटिस्टकडे जाऊन काढायचे ते दात काढून घ्यायचे, इंजेक्शन चालू असताना दात उपटायचा नाही. तिसरं, दिवस जाता कामा नयेत, शेवटच्या डोसनंतरही निदान पाच महिने.

त्यावरून सासरचा प्रश्न. सासू विचारतेय की दुसरं मूल होईल का. होईल. या गाठीचा गर्भाशयाशी काही संबंध नाही, हा आजार पोराला जात नाही, दूध पाजण्यातून लागत नाही, कोणाला शिवल्यानं होत नाही. फक्त गरोदरपणात ही गाठ भराभर वाढताना दिसते, म्हणून ऑपरेशनच्या आधी दिवस राहू देऊ नका आणि नंतरची दोन वर्षं थांबलात तर उत्तम, कारण परत यायची असली तर बहुतेकदा ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच येते आणि त्या काळात एक्सरे वारंवार लागतात. हे मी नवऱ्याला समोर बसवून सांगतो, एकट्या बाईला सांगितलं तर घरी तिचं कोणी ऐकत नाही. तुम्हीही तिच्या नवऱ्याला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या.

ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी गुडघ्याचा एक्सरे, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि मध्ये मध्ये छातीचा. सिमेंटच्या कडेनं एक-दोन मिलीमीटरची बारीक काळी रेष आणि तिच्याबाहेर पांढरी किनार दिसली तर ती सिमेंटच्या उष्णतेची, तिला घाबरायचं नाही. ती रेष रुंद होत चालली, पाच मिलीमीटरच्या पुढे गेली, किनार पुसट झाली तर एमआरआय करायचा. परत आली तरी बऱ्याचदा पुन्हा खरवडून सिमेंट भरता येतं, सांधा तरीही वाचतो. पण लवकर कळलं तर. माझे जे पेशंट बिघडले त्यातले बहुतेक ऑपरेशनमुळे बिघडले नाहीत, दुखायचं थांबलं म्हणून ते दोन वर्षं आलेच नाहीत, पेरणी होती, लगीनसराई होती, आणि आले तेव्हा गाठ भिंत फोडून बाहेर होती. जुने एक्सरे टाकू नका, प्रत्येक वेळी मागच्याशेजारी ठेवूनच नवीन वाचता येतो.

तर तुम्ही सांगितलेलं खरं धरून माझं मत असं: रक्ताच्या चार तपासण्या, छातीचा सीटी, स्लाइडचं दुसरं मत, कुर्च्याखालचा थर मोजणं. हे सगळं ठीक आलं तर मोठी खिडकी पाडून नीट खरवडणं, बर, सिमेंट, गरज असेल तर सँडविच आणि प्लेट. इंजेक्शन आधी नको. सांधा आत्ता नको. एमआरआयमध्ये गाठ मागच्या बाजूनं रक्तवाहिन्यांजवळ बाहेर आलेली निघाली तर मात्र हे मत बदलेल, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर ठरू शकतं.

कोणाकडून करायचं? या गाठी नेहमी काढणाऱ्या माणसाकडून, कारण पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते. पहिल्या डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा की अशा किती केल्या, बर वापरता का, खिडकी केवढी पाडणार. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. उत्तरानं समाधान झालं नाही तर परळचं टाटा हॉस्पिटल आहेच, तिथे हाडांच्या गाठींचा वेगळा विभाग आहे. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते ऑपरेशनच्या आधी विचारा, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जा. आधी मंजुरी, मग भरती. भरती होऊन बिल झाल्यावर धावपळ केली तर हाती काही लागत नाही.

तोवर तिला उजव्या पायावर भार द्यायचा नाही. वॉकर किंवा कुबड्या आजच आणा, पोराला कडेवर घेऊन चालणं बंद, मोटारसायकलवर मागे बसवून खड्ड्यांतून नेणं बंद. मुंबईला न्यायचं ठरलं तर रेल्वेनंच न्या आणि खालचा बर्थ घ्या, एसटीत पाय लांब करता येत नाही. सोबत एक्सरेच्या सगळ्या फिल्म, एमआरआयची सीडी, नुसता रिपोर्टचा कागद नको, आणि बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमधून स्लाइड आणि तुकडा ज्यात ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. लॅबवाले अर्ज द्या म्हणतील, दोन ओळींचा अर्ज आणि आधारची झेरॉक्स दिली की मिळतो, पण दोन-तीन दिवस लागतात म्हणून तिकीट काढायच्या आधीच सांगून ठेवा. आणि कुर्च्याखालच्या थराचा आकडा कळला की इथे लिहा, मी बघतो.